जालक वर्णगतिकी

प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन इ. कण हे क्वार्क व ग्लुऑन या घटकांचे बनलेले आहेत. या घटकांमधील प्रबल परस्परक्रियेच्या सिद्धांतास पुंज वर्णगतिकी म्हणतात. हा सिद्धांत अवकाश व काल यांच्या संतत पटावर न मांडता समान अंतरावरील बिंदूंच्या चतुर्मितीय जालकावर मांडून संगणकाच्या साहाय्याने वरील कणांचे द्रव्यमान, विद्युत् भाराचे वितरण, परिवलन (स्वतःभोवती फिरण्याशी निगडित असलेला अंगभूत कोनीय संवेग) इ. गुणधर्म काढण्याच्या पद्धतीस जालक वर्णगतिकी असे म्हणतात. कागद व पेन्सिल यांच्या साहाय्याने सोडविता न येणाऱ्या समीकरणांपासून प्रयोगाशी ताडून पाहता येतील अशा संख्या मिळविणे, हे या पद्धतीचे उद्दिष्ट आहे.

आवश्यकता : एखाद्या वस्तूचे द्रव्यमान म्हणजे तिच्या घटकांच्या द्रव्यमानांची बेरीज, हा नित्याचा अनुभव अणूंच्या बाबतीत जवळजवळ तंतोतंत खरा ठरतो. हायड्रोजन अणूचे द्रव्यमान प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या द्रव्यमानांच्या बेरजेपेक्षा सुमारे सात कोटी भागांत एक भाग इतकेच कमी असते. अणुकेंद्रात ही तफावत वाढते. एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन यांच्या बनलेल्या ड्यूटेरॉनमध्ये ती हजारात सुमारे एक भाग असते. प्रोटॉनच्या बाबतीत मात्र बेरजेचा नियम पूर्णपणे कोलमडतो. प्रोटॉनचे द्रव्यमान ९३८·२७ मेव्ह (१ मेव्ह = १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट; येथे द्रव्यमान तुल्य ऊर्जेच्या एककात दिले आहे) इतके आहे. त्यातील दोन ‘अप्’ व एक ‘डाउन’ या क्वार्कांच्या द्रव्यमानांची बेरीज सुमारे ९ मेव्ह, म्हणजे शंभरात केवळ एक भाग भरते. उरलेले ९९ भाग क्वार्कांची गतिज ऊर्जा व त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा यांतून येतात. माती, पाणी, वनस्पती व मनुष्यदेह यांचे जवळजवळ सर्व द्रव्यमान अणुकेंद्रांत असल्यामुळे दृश्य द्रव्याच्या वजनाचा उगम कोठे आहे, हा प्रश्न अखेर प्रोटॉनच्या अंतर्रचनेच्या गणनापाशी येऊन ठेपतो.

पार्श्वभूमी : मरी गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे क्वार्कांची कल्पना मांडली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा प्रोटॉनांवर मारा करण्याचे प्रयोग झाले. प्रोटॉनच्या आत बिंदुवत् घटक असल्याशिवाय इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनाचा (विखुरण्याचा) उलगडा होत नाही, असे त्यांवरून दिसून आले. या कार्याबद्दल जे. आय्. फ्रीडमन, एच्. डब्ल्यू. केंडल व आर्. ई. टेलर यांना १९९० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्वार्कांना विद्युत् भाराव्यतिरिक्त ‘वर्ण’ नावाचा तीन प्रकारचा भार असतो व ग्लुऑन हे या भारामुळे उद्‍भवणाऱ्या क्षेत्राचे वाहक होत, असे पुंज वर्णगतिकी मानते. वर्ण या संज्ञेचा डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी काहीही संबंध नाही. [⟶ मूलकण].

डी. जे. ग्रॉस, एफ्. विल्चेक व एच्. डी. पोलिट्झर यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ येतात तितकी त्यांच्यातील परस्परक्रिया दुर्बल होत जाते. या गुणधर्मास अनंतस्पर्शी मुक्तता म्हणतात व त्याबद्दल या तिघांना २००४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अल्प अंतरावरील घटनांचे गणित यामुळे क्रमवार सन्निकटनाने करता येते : प्रथम परस्परक्रिया नाही असे मानावयाचे व नंतर लहानलहान दुरुस्त्या करीत जावयाचे. परंतु प्रोटॉनच्या आकारमानाएवढ्या, म्हणजे सुमारे १ फेर्मी (मिलिमीटरचा एक लक्ष कोटीवा भाग) अंतरावर परस्परक्रिया इतकी प्रबल होते की, प्रत्येक दुरुस्ती मूळ संख्येइतकीच मोठी येते व ही रीत निरुपयोगी ठरते. सिद्धांताची समीकरणे अर्ध्या पानावर मावतात; तरी त्यांपासून प्रोटॉनचे द्रव्यमान सांगता येत नाही, अशी ही अडचण होती.

विल्सन यांची मांडणी : या अडचणीतून मार्ग अमेरिकन भौतिकीविज्ञ केनेथ जी. विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखविला. त्यांनी अवकाश व काल यांच्या जागी बिंदूंचे जालक घेतले. क्वार्क क्षेत्रे जालकाच्या बिंदूंवर असतात व ग्लुऑन क्षेत्र लगतच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर असते. प्रत्येक दुव्यावर तीन ओळी व तीन स्तंभ असलेला सदसत् संख्यांचा एक आव्यूह असतो व एका बिंदूपासून शेजारच्या बिंदूपर्यंत जाताना क्वार्काचा वर्ण कसा बदलतो, हे तो सांगतो. चार दुव्यांनी बनलेल्या लहानात लहान चौकटीभोवती एक फेरी मारली असता या आव्यूहांच्या गुणाकारापासून त्या जागच्या ग्लुऑन क्षेत्राची तीव्रता मिळते. पट अशा रीतीने विविक्त केला, तरी वर्णाची सममिती प्रत्येक बिंदूपाशी अबाधित राहते, हे या मांडणीचे वैशिष्ट्य होय.

जालकावर परस्परक्रिया प्रबल आहे असे धरले, तर क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्यातील ऊर्जा अंतराच्या प्रमाणात वाढत जाते, असे विल्सन यांनी दाखविले. एकटा क्वार्क कोणत्याही प्रयोगात कधीच का आढळत नाही, याचे हे पहिले समाधानकारक स्पष्टीकरण होते. नंतरच्या गणनांवरून या ओढीचे मूल्य प्रत्येक फेर्मीमागे सुमारे ९०० मेव्ह इतके येते. व्यवहारातील भाषेत हे बल जवळजवळ १५ टन वजनाइतके भरते, आणि ते दोन क्वार्कांच्या दरम्यान कार्य करते.

गणनपद्धती : पुंज सिद्धांतानुसार एखादी घटना ज्या ज्या मार्गांनी घडू शकते त्या सर्वांचा वाटा एकत्र करावा लागतो. जालकावर याचा अर्थ सर्व दुव्यांवरील आव्यूहांच्या सर्व शक्य मूल्यांवर समाकलन करणे असा होतो. अवकाशाच्या तीन दिशांना प्रत्येकी ६४ व कालाच्या दिशेस १२८ बिंदू असलेले जालक घेतल्यास ३,३५,५४,४३२ बिंदू व त्यांच्या चौपट, म्हणजे १३ कोटींहून अधिक दुवे होतात. प्रत्येक दुव्यास आठ स्वतंत्र चले लागत असल्याने समाकल १०७ कोटींहून अधिक मितींचा होतो. प्रत्येक मितीत केवळ दोनच मूल्ये तपासावयाची ठरविली, तरी कोणत्याही संगणकास हे काम विश्वाच्या आयुःकालातही पुरे करता येणार नाही.

यावरील उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीत काल हे चल असत् संख्येच्या रूपात घेतात. त्यामुळे वेगवेगळ्या मार्गांचे वाटे धन व ऋण होऊन परस्परांना छेद देत नाहीत. सर्व धन होतात व त्यांना संभाव्यतेचे रूप येते. समीकरणांचा आकार मग तप्त वायू किंवा चुंबक यांच्या सांख्यिकीय यामिकीतील समीकरणांसारखा होतो. दुसऱ्या पायरीत या संभाव्यतेनुसार क्षेत्राचे काही शे वा काही हजार नमुने यदृच्छया निवडतात व इष्ट राशीची सरासरी केवळ त्यांच्यावरून काढतात. मोठ्या शेतातील धान्याचा अदमास मोजक्या वाफ्यांवरून घ्यावा, तसाच हा प्रकार आहे. मात्र येथे ज्या नमुन्यांचा वाटा मोठा तेच अधिक वेळा निवडले जातील, अशी योजना असते. या मॉन्टे कार्लो पद्धतीचा मूळ नियम एन्. मेट्रोपोलिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये दिला होता. ब्रुकहेवन येथील मायकेल क्रॉइट्झ यांनी १९८० च्या सुमारास तो वर्ण सिद्धांताच्या सोप्या रूपास लावला. अल्प अंतरावरील मुक्तता व दीर्घ अंतरावरील बंदिस्तपणा हे दोन्ही गुणधर्म एकाच सिद्धांतात नांदतात, हे त्यांच्या गणनांवरून दिसून आले.

क्वार्कांचा अंतर्भाव करणे ग्लुऑनांपेक्षा पुष्कळच कठीण ठरले. निर्वातातून क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोड्या क्षणोक्षणी निर्माण होतात व लय पावतात. त्यांचा परिणाम हिशेबात घेण्यासाठी वरील जालकावर सुमारे ४० कोटी ओळी व तितकेच स्तंभ असलेल्या आव्यूहाचा निर्धारक लागतो. म्हणून आरंभीची सुमारे वीस वर्षे बहुतेक गणने या जोड्या वगळून केली जात. संकर मॉन्टे कार्लो ही रीत १९८७ मध्ये पुढे आली. तिच्यामुळे व संगणकांच्या वाढत्या वेगामुळे हे वगळणे पुढे अनावश्यक झाले. दुसरी अडचण अशी की, क्वार्काचे समीकरण साध्या रीतीने जालकावर उतरविल्यास एका क्वार्काच्या जागी सोळा क्वार्क उत्पन्न होतात. एच्. बी. नील्सन व एम्. निनोमिया यांनी १९८१ मध्ये असे सिद्ध केले की, काही मूलभूत गुणधर्मांपैकी एखाद्याला मुरड घातल्याशिवाय ही अडचण टाळता येत नाही. यातूनच क्वार्क मांडण्याचे अनेक पर्याय निघाले. त्यांची उत्तरे परस्परांशी जुळतात की नाही, हे पाहणे ही एक महत्त्वाची कसोटी ठरली आहे.

द्रव्यमानाचे गणन : जालकावर एका क्षणी प्रोटॉनचे गुणधर्म असलेला तीन क्वार्कांचा समूह निर्माण करतात व काही काळाने तो नष्ट करतात. या दोन घटनांतील सहसंबंध असत् कालाबरोबर घातांकी रीतीने घटत जातो व घटण्याच्या त्वरेवरून द्रव्यमान मिळते. आरंभी या समूहात प्रोटॉनच्या उत्तेजित अवस्थाही मिसळलेल्या असतात. परंतु त्यांचे द्रव्यमान अधिक असल्याने त्या लवकर विरतात व पुरेसा काळ जाऊ दिल्यास केवळ प्रोटॉन उरतो.

संगणकातून मिळणाऱ्या संख्या एककरहित असतात. त्यांना एकके देण्यासाठी एखाद्या कणाचे मापन केलेले द्रव्यमान वापरावे लागते आणि क्वार्कांची द्रव्यमाने पायॉन, केऑन इ. कणांच्या द्रव्यमानांवरून ठरवितात. अशा मोजक्या संख्या प्रयोगातून घेतल्यानंतर बाकी सर्व काही सिद्धांतातून निघाले पाहिजे. हॅड्रॉनांच्या द्रव्यमानांची पहिली गणने १९८१ मध्ये झाली. यूरोपातील एका गटाने २००८ मध्ये क्वार्कांच्या जोड्यांसह गणन करून प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे सरासरी द्रव्यमान ९३६ मेव्ह मिळविले. त्यातील सांख्यिकीय अनिश्चितता २५ मेव्ह व पद्धतशीर अनिश्चितता २२ मेव्ह होती. मापनाने मिळणारे मूल्य ९३९ मेव्ह आहे. विद्युत् चुंबकीय परिणामही अंतर्भूत करून २०१५ मध्ये न्यूट्रॉन व प्रोटॉन यांच्या द्रव्यमानांतील फरक सुमारे १·५ मेव्ह काढण्यात आला. त्यातील अनिश्चितता लक्षात घेता तो १·२९ मेव्ह या मापन केलेल्या मूल्याशी जुळतो. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी त्याचे चिन्ह उलट असते तर हायड्रोजन अणू टिकला नसता व पाणीही अस्तित्वात आले नसते.

अंतर्रचनेचे गणन : द्रव्यमानासाठी दोन क्षण पुरतात, अंतर्रचनेसाठी तिसरा लागतो. प्रोटॉन निर्माण केल्यानंतर व तो नष्ट करण्यापूर्वी मधल्या एका क्षणी त्यातील एखाद्या क्वार्कावर वा ग्लुऑनावर इष्ट राशीची ‘चौकशी’ करतात. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन प्रोटॉनावर आदळतो तेव्हा जे घडते, त्याचेच हे गणिती प्रतिरूप होय. चौकशी विद्युत् भाराची असेल, तर प्रोटॉनमधील भार केंद्रापासून कसा पसरलेला आहे हे कळते. प्रयोगांवरून या भाराची त्रिज्या सुमारे ०·८४ फेर्मी येते. चौकशी परिवलनाची असेल, तर क्वार्क प्रोटॉनच्या परिवलनाचा किती भाग वाहतात हे कळते.

या गणनातील मुख्य शत्रू म्हणजे गोंगाट. काल जसजसा वाढवावा तसतसा प्रोटॉनचा संकेत यदृच्छ चढउतारांत बुडत जातो. पायॉन हा प्रोटॉनपेक्षा फार हलका असल्यामुळे हे घडते. कणांच्या प्रत्यक्ष द्रव्यमानांवरून हिशेब केल्यास असे दिसते की, १ फेर्मीशी तुल्य असा काल वाढविला की संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे ४० पटींनी घटते. ते भरून काढावयाचे तर नमुने सुमारे १,६०० पट लागतात. काल कमी ठेवल्यास उत्तेजित अवस्था उत्तर बिघडवितात. वाढविल्यास गोंगाट ते गिळून टाकतो.

या पेचाचे ठळक उदाहरण म्हणजे प्रोटॉनचा अक्षीय भार होय. न्यूट्रॉनचा क्षय किती काळात होतो हे या राशीवर अवलंबून असते व विश्वाच्या आरंभी निर्माण झालेल्या हीलियमचे प्रमाणही अंशतः तिच्यावर ठरते. प्रयोगावरून तिचे मूल्य सुमारे १·२७ येते. कित्येक वर्षे जालकावरील उत्तरे याहून लक्षणीय कमी येत होती. सिद्धांतात उणीव आहे की गणनात, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. उत्तेजित अवस्थांची भेसळ व जालकाचे अपुरे आकारमान यांच्याकडे काटेकोर लक्ष दिल्यावर ही तफावत नाहीशी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनाने १·२७१ हे मूल्य एक टक्का अनिश्चिततेसह दिले. दोष गणनात होता, हे अशा रीतीने स्पष्ट झाले.

परिवलनाचे कोडे : प्रोटॉनचे परिवलन १/२ (प्लांक स्थिरांक भागिले २π या एककात) आहे. क्वार्कांचे परिवलनही प्रत्येकी १/२ असल्याने दोन एका दिशेस व एक विरुद्ध दिशेस अशी मांडणी मानून हिशेब सहज जुळविता येईल, असे पूर्वी वाटत असे. जिनीव्हा येथील सर्न प्रयोगशाळेत म्यूऑन कणांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोटॉनच्या परिवलनातील क्वार्कांच्या स्वतःच्या परिवलनाचा वाटा फारच अल्प आहे, असे त्यांत आढळले. नंतरच्या प्रयोगांवरून तो सुमारे ३० टक्के असल्याचे दिसते. बाकीचा भाग क्वार्कांच्या कक्षीय गतीतून किंवा ग्लुऑनांतून आला पाहिजे. शियांगडाँग जी यांनी १९९७ मध्ये दिलेल्या सूत्रामुळे हे वाटे जालकावर काढता येतील अशा रूपात आले.

या दिशेने आरंभीचे एक महत्त्वाचे गणन निलमणी माथूर, एस्. जे. डाँग, के. एफ्. लिउ, एल्. मांकीविच व एन्. सी. मुखोपाध्याय यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. निर्वातातून उपजणाऱ्या क्वार्कांच्या फेऱ्यांचा वाटा थेट मोजणे अशक्यप्राय असते. तो अजमावण्यासाठी त्यांनी + १ व − १ या संख्यांची यदृच्छ मांडणी वापरली व तिच्यातून निर्माण होणारी त्रुटी एका वजाबाकीच्या युक्तीने सुमारे एक-चतुर्थांशावर आणली. क्वार्कांचा एकूण कोनीय संवेग ०·३० ± ०·०७ व त्यांपैकी कक्षीय भाग ०·१७ ± ०·०६ असा आला. उरलेला ०·२० ± ०·०७, म्हणजे प्रोटॉनच्या परिवलनाचा सुमारे ४० टक्के भाग, ग्लुऑनांचा असावा असे भाकीत त्यांनी केले. हे गणन निर्वातातील जोड्यांचा परिणाम नमुन्यांच्या निवडीतून वगळून केलेले होते. पुढे जोड्यांसह व क्वार्कांच्या प्रत्यक्ष द्रव्यमानांच्या जवळ जाऊन केलेल्या गणनांतही क्वार्कांचे स्वतःचे परिवलन अर्ध्याहून कमीच पडते व ग्लुऑनांचा वाटा मोठा येतो. याचा अर्थ असा की, प्रोटॉन हा तीन गोळ्यांचा संच नसून सतत हालचाल करणाऱ्या क्षेत्रांचा समूह आहे व त्याचे परिवलन त्या सर्वांत वाटलेले आहे.

द्रव्यमानाचीही अशीच वाटणी २०१८ मध्ये करण्यात आली. तीनुसार प्रोटॉनच्या द्रव्यमानाचा सुमारे ९ टक्के भाग क्वार्कांच्या (निर्वातातून उपजणारे जड क्वार्क धरून) द्रव्यमानांशी निगडित आहे. ३२ टक्के भाग क्वार्कांच्या ऊर्जेचा व ३६ टक्के ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेचा आहे. उरलेला २३ टक्के भाग पुंजीय परिणामामुळे उद्‍भवतो व अभिजात भौतिकीत त्यास प्रतिरूप नाही. यांतील ९ टक्के ही संख्या व आरंभी दिलेला एक टक्का यांत विसंगती नाही. पहिली संख्या क्षेत्रांच्या सर्व उलाढालींसह येते. दुसरी केवळ तीन क्वार्कांची बेरीज आहे.

संवेगाचे वितरण : वेगाने जाणाऱ्या प्रोटॉनच्या संवेगाचा कितवा भाग कोणता घटक वाहतो, हे सांगणाऱ्या फलनास वितरण फलन म्हणतात. मोठ्या वेगवर्धकांतील आघातांचा अर्थ लावण्यासाठी ते अत्यावश्यक असते. परंतु त्याची व्याख्या प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेषेवर केलेली आहे व असत् कालाच्या जालकावर अशी रेषा आखता येत नाही. गणन शक्य करणारी युक्तीच येथे आड येते. यामुळे १९८० नंतरच्या दशकात जी. मार्टिनेल्ली व सी. टी. साक्राज्डा यांनी फलनाऐवजी त्याच्या काही सरासऱ्या (परिबले) काढण्याचा मार्ग धरला. अशी दोनतीन परिबलेच विश्वसनीय रीतीने मिळत असल्याने फलनाचा पूर्ण आकार अज्ञातच राही. २०१३ मध्ये जी यांनी असे दाखविले की, मोठ्या संवेगाच्या प्रोटॉनमध्ये एकाच क्षणी मोजलेल्या सहसंबंधापासून हे फलन दुरुस्त्या करून मिळविता येते. तेव्हापासून पूर्ण फलनाची गणने सुरू झाली आहेत. मात्र संवेग जितका मोठा तितका गोंगाट अधिक असल्याने त्यांची अचूकता अद्याप प्रयोगांवरून काढलेल्या फलनांइतकी नाही.

विश्वासार्हतेच्या कसोट्या : जालक हे निसर्गात नाही, ते गणनाच्या सोयीसाठी उभारलेले मचाण आहे व अखेरीस ते काढून घ्यावे लागते. यासाठी तीन बहिर्वेशने करतात. बिंदूंमधील अंतर कमीकमी करून ते शून्य झाल्यास उत्तर काय येईल हे पाहतात. जालकाचे आकारमान वाढवून त्याच्या भिंतींचा परिणाम काढून टाकतात. तसेच संगणकास सोयीची म्हणून क्वार्कांची द्रव्यमाने जास्त घेतली असतील, तर ती खऱ्या मूल्यांपर्यंत आणतात. अंतर निम्मे केले की चार दिशांमुळे बिंदू सोळापट होतात व प्रत्यक्ष श्रम त्याहूनही अधिक वाढतात. म्हणून केवळ एका जालकावरील उत्तर कितीही अचूक दिसले, तरी ते अंतिम मानले जात नाही. सांख्यिकीय व पद्धतशीर अशा दोन्ही अनिश्चितता वेगवेगळ्या दिल्याशिवाय या क्षेत्रातील निष्कर्षास किंमत नसते.

संगणक : जालकाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रक्रियकाकडे सोपविता येतो व प्रक्रियकांना केवळ सीमेवरील माहितीची देवघेव करावी लागते. त्यामुळे हा प्रश्न समांतर संगणनास आदर्श ठरला व संगणकांच्या विकासासही त्यातून चालना मिळाली. इटलीतील ‘एप’, जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाचा १९९६ मधील ‘सीपी-पॅक्स’ व अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे संगणक मुख्यतः अशा गणनांसाठी बांधण्यात आले. प्रगतीची कल्पना मुंबईतील एका उदाहरणावरून येईल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या भारतीय बनावटीच्या संगणकाच्या स्मृतीत २,०४८ संख्या मावत. एका दुव्याच्या आव्यूहास १८ संख्या लागतात. प्रत्येक दिशेस केवळ तीन बिंदू असलेल्या जालकाच्या ३२४ दुव्यांना त्यामुळे ५,८३२ संख्या लागल्या असत्या व ते त्यात मावले नसते. वर दिलेल्या जालकाच्या एका नमुन्यास सुमारे २४१ कोटी संख्या लागतात.

भारतातील कार्य : पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दूरदर्शक उभारणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच मुंबई येथील सैद्धांतिक भौतिकी विभागात जालक वर्णगतिकीचे कार्य दीर्घकाळ चालू आहे. राजीव गवई व सौरेंदू गुप्ता यांनी अतितप्त व घन अवस्थेतील क्वार्क द्रव्याचा अभ्यास केला. अशा द्रव्यात क्वार्क प्रतिक्वार्कांपेक्षा अधिक असल्यास संभाव्यता धन राहत नाही व नमुने निवडण्याची रीतच लागू पडत नाही. श्रेणी विस्ताराचा उपयोग करून त्यांनी या अडचणीस वळसा घातला व २००५ मध्ये प्रावस्था बदलाच्या क्रांतिक बिंदूचे स्थान अजमावले. ही गणने इंडियन लॅटिस गेज थिअरी इनिशिएटिव्ह या उपक्रमाच्या मुंबईतील क्रे संगणकावर करण्यात आली. गुप्ता व इतरांनी २०११ मध्ये जालकावरील निष्कर्षांची ब्रुकहेवन येथील अणुकेंद्रांच्या आघातांतील मापनांशी तुलना केली. या प्रावस्था बदलाचे तापमान त्यांना सुमारे १७५ मेव्ह, म्हणजे जवळजवळ २ लक्ष कोटी केल्व्हिन मिळाले.

माथूर यांनी पुढे याच संस्थेत जड क्वार्क असलेल्या कणांचा अभ्यास केला. त्यांनी व एम्. पद्मनाथ आणि इतर सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार्म व बॉटम असे दोन्ही प्रकारचे क्वार्क असलेल्या अनेक कणांची द्रव्यमाने प्रयोगांत ते कण आढळण्यापूर्वीच वर्तविली. २०२३ मध्ये त्यांनी सहा बॉटम क्वार्कांचा, म्हणजे दोन बॅरिऑनांचा बद्ध समूह संभवतो, असे दाखविले व त्याची बंधन ऊर्जा सुमारे ८१ मेव्ह काढली. ड्यूटेरॉनची बंधन ऊर्जा २·२ मेव्ह आहे, हे लक्षात घेता हे बंधन फारच बळकट होय.

मर्यादा : असत् कालामुळे कणांच्या आघातासारख्या प्रत्यक्ष कालात घडणाऱ्या घटना जालकावर थेट पाहता येत नाहीत, त्यांच्याविषयीची माहिती आडमार्गाने मिळवावी लागते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यासारख्या अतिघन द्रव्याचे गणन वर सांगितलेल्या चिन्हाच्या अडचणीमुळे अद्याप साध्य झालेले नाही. अनेक प्रोटॉन व न्यूट्रॉन असलेल्या अणुकेंद्रांच्या बाबतीत गोंगाट फार झपाट्याने वाढतो. शिवाय जालकावरील गणन संख्या देते. परंतु ती तशीच का आली हे सोप्या शब्दांत सांगेलच असे नाही. क्वार्क बंदिस्त असतात हे जालकावर वारंवार दिसून आले असले, तरी संतत पटावरील सिद्धांतापासून त्याची काटेकोर गणिती सिद्धता अजून मिळालेली नाही. तथापि प्रोटॉनचे द्रव्यमान त्याच्या घटकांत नसून त्यांच्या परस्परक्रियेत आहे, या विधानास केवळ तर्काऐवजी संख्येचा आधार मिळाला, तो या पद्धतीमुळेच.